‘सावकाश’ घेऊन दिघी ते बाणकोट

आमच्या सेक्शनमध्ये धावायला बंदी आहे. खडकीच्या ज्या कारखान्यात मी आणि नलू नोकरी करतो तिथे स्फोटकं भरली जातात, त्यामुळे एक माणूस धावला की बाकीचे कारण न विचारता धावतात. दुसरा नियम असा की सांगितलेलं काम आधी परत म्हणून दाखवायचं, मग करायचं, आणि केल्यावर ‘झालं’ म्हणून सांगायचं. तिसरा नियम गेटवरचा. मोबाईल आणि काडेपेटी जमा करून आत जायचं. हे सगळे नियम अंगात मुरवून आम्ही दोघी जानेवारीत शिडाच्या बोटीतून कोकणच्या किनाऱ्याने गेलो. कुणाला जायचं असेल तर पहिले दोन नियम जरूर न्यावेत. तिसऱ्याचं पुढे सांगते.

नलू म्हणजे नलिनी, आमची सुपरवायझर आणि कामाची वेळ संपल्यावर माझी मैत्रीण. पन्नाशी ओलांडल्यावर बायका योगासनं धरतात किंवा गुडघे धरून बसतात. नलूने शीड धरलं. पानशेतच्या पाण्यावर एक क्लब आहे, तिथे रविवारी जाऊन ती बोट चालवायला शिकली. शिकवायला डॉक्टर लिमये. हे नारायण पेठेतले कानाचे डॉक्टर, त्यामुळे आपण एकदा बोललो की समोरच्याला ऐकू गेलंच पाहिजे, असं त्यांना वाटतं. त्यांची स्वतःची बोट कोकणात दिघीला असायची. नाव ‘सावकाश’. तिला इंजिन नाही. ‘इंजिन हवं असेल त्याने लाँचने जावं,’ हे डॉक्टरांचं त्यावरचं मत.

अलीकडे डॉक्टरांचे गुडघे गेले. कॅनडातला मुलगा फोन केला की ‘बाबा, ती बोट विका’ म्हणायचा. आणि गिऱ्हाईक दारात उभं होतं. गिऱ्हाईक म्हणजे पुण्याजवळच्या मांजरी गावचे बाळासाहेब. उसाची जमीन बिल्डरला देऊन त्यांनी बाणकोटच्या खाडीजवळ रिसॉर्ट काढलंय. त्यांना ‘सावकाश’ लॉनवर ठेवायची होती. आत माती, मातीत शेवंती, डोलकाठीवर दिव्यांच्या माळा, आणि पुढे उभं राहून लोकांनी फोटो काढायचे.

हे कळलं त्या दिवशी नलूने डबा उघडला नाही. इतकी वर्षं मी तिच्यासमोर बसून जेवते आहे, म्हणून सांगते, प्रकरण गंभीर होतं. संध्याकाळी मी तिच्याबरोबर डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले.

“डॉक्टर, बोट मला द्या,” नलू म्हणाली. “विकत घेणं मला जमणार नाही. पण ती पाण्यावर राहील.”

“कुठल्या पाण्यावर? पानशेतला तुम्ही उत्तम चालवता. पानशेत ही बादली आहे.”

“मग समुद्रात बघा.”

“मी येणार नाही. मी आलो की मी बोलणार, आणि मी बोललो की बोट मीच चालवली असं होईल.”

शेवटी ठरलं ते असं. दिघीहून निघून बोट बाणकोटच्या खाडीत, बागमांडल्याच्या धक्क्याला आणायची. सोबत एक माणूस घ्यायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर आणि बाळासाहेब दोघेही धक्क्यावर असतील. बोट नीट आली तर ती नलूने सांभाळायची आणि वापरायची.

“कुणाच्या दोराला बांधून आणलीत, तर तिथूनच ती लॉनवर जाईल,” डॉक्टर म्हणाले. “दिवस मावळल्यावर आणलीत तरी लॉनवर. अंधारात खाडीत शिरणारा माणूस मला माझ्या बोटीवर नको. सोबतीला कोण?”

नलूने माझ्याकडे पाहिलं. मला पोहता येतं, एवढीच माझी पात्रता.

दिघी

दिघीच्या धक्क्यावर डॉक्टर सकाळीच येऊन थांबले होते. परवानग्या त्यांनीच काढल्या होत्या. लाइफ जॅकेट, नांगर, दोर, दोन वल्ही, प्यायचं पाणी, सगळं त्यांनी सांगितलं. एकदाच. मग बोटीत पाय टाकण्याआधी नलूने माझ्यापुढे हात केला.

“मोबाईल, काडेपेटी.”

मी मोबाईल दिला. काडेपेटी मी आयुष्यात बाळगलेली नाही, तरी खिसे चाचपले. नलूने स्वतःचाही मोबाईल काढला, दोन्ही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले, झाकण लावलं आणि डबा डॉक्टरांच्या हातात दिला. “बाहेर पडताना घेऊ,” ती म्हणाली. डॉक्टर डब्याकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिले. डॉक्टर लिमये गप्प राहिले, इथेच मला शंका यायला हवी होती.

खाडीतून बाहेर पडल्यावर उजवीकडे जंजिरा दिसू लागला. लांबून तो पाण्यात ठेवलेल्या डब्यासारखा दिसतो. फोटो काढावा म्हणून मी खिशात हात घातला.

“नलू, मोबाईल.”

“जमा केले ना.”

“कुठे?”

“गेटव...” नलूचं तोंड उघडंच राहिलं.

“वाऱ्याचा अंदाज कशावर बघणार होतीस?”

“मोबाईलवर.”

“भरती-ओहोटी?”

“त्याच्यावरच.”

वारा मागून होता. उलट फिरून त्याच्याविरुद्ध धक्क्याला जायचं म्हणजे दुपार झाली असती, आणि डॉक्टरांसमोर जाऊन ‘चुकून जमा केले’ म्हणायचं म्हणजे बोट तिथेच गेली असती.

“मोबाईल नव्हते तेव्हाही कोळी जात होते,” नलू म्हणाली.

“ते कोळी होते. आपण खडकीच्या आहोत.”

पण गेलो. आणि खरं सांगायचं तर दुपारपर्यंत मला मजा येऊ लागली. किनारा डाव्या हाताला सरकत होता, टेकड्या गवत वाळून पिवळ्या झालेल्या, मध्येच माडांची हिरवी पट्टी. बोटीवर आमचं कामकाज सेक्शनसारखंच चालू होतं.

“दोर ढिला कर.”

“दोर ढिला करते.” आणि मग, “केला.”

शेजारून मासे घेऊन एक होडी चालली होती. तिच्यातल्या माणसाने बराच वेळ आमचं ऐकलं आणि ओरडून विचारलं, “काय हो, शाळा भरल्ये का?”

एकदाच गडबड झाली. नलू म्हणाली, “डोकं खाली घे,” आणि मी “डोकं खाली घेते” असं म्हणत असतानाच शिडाची आडवी काठी येऊन माझ्या कानशिलावर बसली. त्या एका हुकुमापुरता नियम जागीच बदलण्यात आला. आधी डोकं, मग बोलणं.

दिवेआगर

दिवेआगरला किनाऱ्यापासून लांब नांगर टाकला. एका होडीवाल्याने आम्हाला वाळूवर आणून सोडलं. उतरायची जागा म्हणजे सुपारीच्या वाडीतलं एक घर. पुण्यात दारात उभं राहिलेल्या माणसाला ‘काय काम आहे?’ असं विचारतात. इथे घरमालकीण काकूंनी विचारलं, “कोणाच्या तुम्ही?”

“कोणाच्या म्हणजे?” नलू म्हणाली.

“म्हणजे माहेर कुठलं, सासर कुठलं, आणि बोटीत बसायला घरच्यांनी सोडलं कसं?”

“घरच्यांना विचारलं नाही, काकू. सांगितलं.”

काकूंना हे इतकं आवडलं की त्यांनी शेजारच्या दोघींना बोलावून आम्हाला दाखवलं. पुण्यात पाहुण्याला चहा विचारतात तेव्हा उत्तर काय यावं हेही विचारणाऱ्याच्या स्वरात असतं. इथे कुणी विचारलंच नाही. चहा आला, पोहे आले, पोह्यांवर ओल्या नारळाचा ढीग आला. रात्रीसाठी बिरड्याची उसळ होणार होती, पण तेवढ्यात अंगणात गाडीचा हॉर्न वाजला.

“हाय का जिवंत?”

बाळासाहेब. पांढरा शर्ट, पांढरी गाडी, हातात किल्ली फिरवत उभे. बोट ठीक आहे ना हे बघायला रस्त्याने आले होते. म्हणजे ‘आपली’ बोट ठीक आहे ना.

“ताई, राग मानू नका,” ते नलूला म्हणाले. “लॉनवर लई भारी दिसंल ती. सावली बी करनार हाय मी वरनं.”

“शेवंतीला सावली चालत नाही,” नलू म्हणाली.

बाळासाहेब विचारात पडले. मग म्हणाले, “चला, जेवाय चला,” आणि आम्हाला खानावळीत घेऊन गेले. तळलेली सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी. काकूंना ‘उसळ उद्या खाऊ’ असा शब्द देऊन गेले होते मी, तो पाळता आला नाही, याची मला अजून लाज वाटते. जेवताना बाळासाहेबांनी मांजरीला आधी काय होतं आणि आता काय झालंय हे सांगितलं. ऊस होता, आता टॉवर आहेत. घरच्या ट्रॅक्टरवरून हात फिरवावा तसा ते बोलण्यात मधूनमधून त्या हरवलेल्या उसावरून हात फिरवत होते. माणूस वाईट नव्हता. फक्त जी वस्तू आवडेल ती लॉनवर ठेवावी, असा त्याचा स्वभाव होता.

चिखल

दुसऱ्या दिवशी उजाडताना निघालो. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे जातो तो मतलई वारा आणि दुपारी समुद्रावरून येतो तो खारा. शाळेत भूगोलाच्या पेपरात हा प्रश्न नेहमी असायचा आणि मी तो नेहमी ऑप्शनला टाकायचे. आता तो असा भेटला. पाण्याला आडव्या लाटा होत्या, आणि थोड्याच वेळात बाळासाहेबांची सुरमई जिथून आली होती तिथे परत गेली.

“झालं?” नलूने विचारलं.

“झालं,” मी रिपोर्ट दिला. तो खोटा ठरला.

चौथ्या खेपेनंतर मी म्हणाले, “मला जमीन पाहिजे. कसलीही.”

समोर एका लहानशा खाडीचं तोंड दिसत होतं. आत गेलो तर पाणी काठोकाठ भरलेलं, दोन्ही बाजूंना कांदळवन, पुढे रस्त्याचा पूल, आणि लाट म्हणून नाही. हुबेहूब पानशेत. नलूच्या चेहऱ्यावर घरी आल्याचा भाव आला. बोट पुलालगतच्या एका झाडाला बांधून आम्ही शिदोरी सोडली. आगीला बोटीवर बंदी असल्यामुळे मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ असं कोरडं आणलं होतं. नलूने खाल्लं, मी लिंबूपाणी प्यायले. “दोन मिनिटं पडते,” मी म्हणाले. नलू म्हणाली, “मीही.”

जाग आली ती घसरून नलूच्या अंगावर गेले म्हणून. बोट एका कुशीवर कलली होती. मी कडेवरून बाहेर पाहिलं. पाणी नव्हतं. न्हाणीघराचं बूच काढावं तशी खाडी निघून गेली होती. मागे नुसता काळा, चमकणारा चिखल, त्यात इकडून तिकडे पळणारे खेकडे, आणि एक बगळा, जो आमच्याकडे बघत होता.

“पाणी कुठे गेलं?” नलू म्हणाली.

पानशेतचं पाणी कमी व्हायचं असेल तर आधी पेपरात येतं. किती सोडणार, कधी सोडणार, नदीपात्रात गाड्या लावू नयेत. समुद्राने आम्हाला काहीही कळवलं नव्हतं. मी ताडकन उठले.

“धावायचं नाही,” नलू म्हणाली.

“कुठे धावणार?”

चिखल किती खोल आहे हे बघायला नलूने वल्हं खुपसलं. ते बघता बघता आत गेलं आणि तिथेच राहिलं. आधी तिने ओढलं, मग मी ओढलं, मग दोघींनी ओढलं. बोट आणखी कलली, वल्हं हललं नाही. तेवढ्यात पुलावरून हॉर्न वाजला.

“अगं बाबौ!” कठड्यावरून वाकून बाळासाहेब म्हणाले. “ट्रॅक्टर बोलावू का? गावात हाय एक.”

“नको,” नलू म्हणाली.

“अवो ताई, आमच्याकडं उसाच्या ट्रॉल्या ह्याच्याहून वाईट रुतत्यात. दोर लावला की निघतंय.”

“दोर नको.”

“आं?” मग त्यांच्या ध्यानात आलं. “म्हंजी मी दोर लावला तर बोट माझी. आन नाय लावला तर तुमी दोघी उन्हात वाळनार.” ते बराच वेळ कठड्याला टेकून उभे राहिले. “माझ्या फायद्याचंच हाय, पन बरं दिसत नाय,” असं म्हणून गाडीत बसून गेले.

ऊन वर आलं. शीड अंगावर ओढून आम्ही त्याच्या सावलीत बसलो. नलू एरवी गप्प बसली तरी तिचं डोकं चालू असतं हे समजतं. आता तसं दिसत नव्हतं.

“सुनंदा, पाणी आलंच नाही तर?”

“समुद्र आहे. येईल.”

“जातं हे तरी कुठे माहीत होतं आपल्याला? पुस्तकात वाचलंय मी, डॉक्टरांनी शिकवलंय, आणि तरी भरलेली खाडी बघितल्यावर मला पानशेतच दिसलं. बरोबर बोलतात ते. मी बादलीतलीच बाई आहे.”

अशा वेळी काय बोलावं हे मला कळत नाही, आणि न कळता बोलणाऱ्यांचा मला राग येतो. सुदैवाने पुन्हा हॉर्न वाजला. बाळासाहेबांनी पुलावरून दोरीला बांधून एक स्टीलचा डबा खाली सोडला. कोंबडी-वडे. डबा बोटीच्या टोकाशी येऊन लटकू लागला.

“नलू, हासुद्धा दोर आहे.”

नलूने डब्याकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदा तिचं डोकं चालू झालेलं दिसलं. “बोटीला बांधायचा नाही, एवढीच अट आहे. डबा सोडव आणि दोर सोड.”

“डबा सोडवते, दोर सोडते,” मी म्हणाले. “सोडला.”

जेवल्यावर ती उठली आणि कांदळाच्या मुळांकडे निरखून बघू लागली. मुळांवर खाली ओला काळा पट्टा होता आणि त्याच्यावर वाळलेला पांढरट. “हे बघ, पाणी इथपर्यंत येतं,” ती म्हणाली. बोटीत बसूनच तिने हात लांब करून सर्वात खालच्या मुळाला स्वतःचा रुमाल बांधला आणि त्याच्यावर नजर लावून बसली, सेक्शनमधल्या मीटरवर लावते तशी. उन्हं कलली. मग केव्हातरी रुमालाचं टोक हललं. जराही आवाज न करता पाणी आलं होतं. रुमाल भिजला, बुडाला, बोटीने एक उसासा टाकला आणि ती सरळ झाली.

“वल्हं ऱ्हायलं की वो!” पुलावरून आवाज आला.

“राहू दे,” नलू म्हणाली. “दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल. इथे थांबू नये म्हणून.”

दिवेलागणीच्या आधी श्रीवर्धनला पोचलो.

बाणकोटची खाडी

तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वरचं टोक ओलांडलं. तिथले खडक लाटांनी पोखरून मधाच्या पोळ्यासारखे झालेत. वरून प्रदक्षिणा घालणारे लोक मुंग्यांएवढे दिसत होते. मी सवयीने हात जोडले.

“हात दोरावर,” नलू म्हणाली. तिच्या घरी आजोबांपासून बुद्धाची तसबीर, त्यामुळे तिला हरिहरेश्वराची भीड नाही. “का देव धरणार आहे दोर?”

मी दोर धरला आणि मनातल्या मनात जोडले. ते पोचले नसावेत, कारण बाणकोट खाडीच्या तोंडाशी वारा पडला. दुपारचा खारा वारा त्या दिवशी आलाच नाही. शीड ओल्या साडीसारखं लोंबत होतं. खाडीचं पाणी बाहेर येत होतं आणि आम्हाला उलट समुद्राकडे लोटत होतं. नलूने नांगर टाकायला सांगितलं. मी टाकला, ‘टाकला’ म्हणाले, आणि आम्ही थांबलो. बागमांडल्याचा धक्का आत, वळणापलीकडे होता. सूर्य पश्चिमेकडे निघाला होता.

मासेमारीची एक लाँच जवळ आली. चालवणारा म्हाताऱ्या आवाजात म्हणाला, “ओढून नेऊ का? त्याच वाटेला चाललोय.” त्याने दोर काढून हातात धरलासुद्धा.

नलू त्या दोराकडे बघत होती. मी हळूच म्हणाले, “वळणापर्यंत घेऊ. तिथे सोडून देऊ. कोण बघतंय?”

“मी,” नलू म्हणाली, आणि लाँचवाल्याला हात जोडून नको म्हणाली.

मी तिच्यावर मनापासून चिडले. तत्त्व-बित्त्व ठीक आहे, पण अंधार पडला तरी बोट लॉनवर जाणारच होती, म्हणजे तत्त्वासकट गेली असती. हे मी बोलूनही दाखवलं. नलू काठच्या खडकांवरचा ओला पट्टा बघत होती. थोड्या वेळाने आमची बोट नांगरावरच हळूहळू फिरली. इतका वेळ तिचं तोंड खाडीकडे होतं, ते वळून समुद्राकडे झालं.

“आलं,” नलू म्हणाली. “नांगर उचल.”

“नांगर उचलते. अगं, पण वारा कुठे आहे?”

“पाणी आत चाललंय. आपण त्याच्याबरोबर जायचं.”

आणि गेलो. शीड लोंबतच होतं. एका बाजूला नलू उरलेल्या वल्ह्याने आणि दुसऱ्या बाजूला मी बसायची फळी उपटून तिने पाणी मारत, बोट फक्त सरळ ठेवत होतो. ओढण्याचं काम भरती करत होती. वळण आलं. वळणाच्या पुढे धक्का दिसला, धक्क्यावर एक छत्री, छत्रीखाली डॉक्टर, आणि शेजारी बाळासाहेबांचा रिकामा टेम्पो.

आणि मध्ये फेरीबोट. गाड्या घेऊन खाडी ओलांडणारी ती मोठी पत्र्याची फेरीबोट पलीकडच्या काठावरून निघाली होती आणि भोंगा वाजवत आमच्याच दिशेने येत होती. आम्हाला वळता येत नव्हतं, थांबता येत नव्हतं, पाणी आम्हाला सरळ तिच्यासमोर नेत होतं. फेरीवरचे लोक ओरडायला लागले. धक्क्यावर बाळासाहेब दोन्ही हात हलवत धावू लागले. मग आणखी चारजण कारण न विचारता धावू लागले.

“नांगर टाक,” नलू म्हणाली. भाजी वाढ म्हणावं, तशा आवाजात.

“नांगर टाकते,” मी म्हणाले. तेवढं म्हणताना दोर कुठे गुंतलाय ते दिसलं. तो सोडवला. “टाकला.”

नांगराने तळ धरला. बोट गचका देऊन थांबली. फेरी समोरून गेली, इतक्या जवळून की एका गाडीतल्या बाईच्या हातातलं कणीस मला दिसलं. सगळे आमचे व्हिडिओ काढत होते. फेरी गेल्यावर नांगर उचलला, आणि सूर्य डोंगराला टेकायच्या आत ‘सावकाश’ धक्क्याला लागली.

नलूने दोर फेकला. डॉक्टरांनी झेलला. “दोर असा फेकत नाहीत,” ते म्हणाले. खुंटाला एक वेढा देऊन टोक त्यांनी हातातच ठेवलं.

“ओढून आणलीत?”

“पाण्याने आणली.”

“कुणी दोर दिला होता?”

“दिला. घेतला नाही.”

“म्या बी दिला व्हता,” बाळासाहेब अभिमानाने म्हणाले. “ट्रॅक्टरचा.”

डॉक्टर सावकाश वळले. “ट्रॅक्टरचा?”

मग काय, चिखल निघालाच. रुतलात? रुतलो. किती वेळ? पाणी येईपर्यंत. एक वल्हं दिसत नाही. चिखलात आहे. आणि तुमच्या हातात काय? बसायची फळी. टपरीवरून चहा आला. डॉक्टरांनी डाव्या हाताने कप धरला, उजव्यातला दोर सोडला नाही. चहा संपल्यावर त्यांनी टेम्पोच्या बॉनेटवर ठेवलेल्या बिस्किटांच्या डब्याकडे मान हलवली.

“तुमचे मोबाईल. मी तेव्हा बोललो नाही, आता बोलतो. माझा मुलगा बोटीत चढायच्या आधी रेंज बघायचा. तुम्ही दोन्ही मोबाईल माझ्या हातात ठेवून डोळे आणि कान घेऊन निघालात. त्याच वेळी मी म्हटलं, या बाईंना समुद्र कळतो. चिखलाचं माफ. चिखलात मीही रुतलोय.”

मी नलूचा पाय दाबला. जोरात दाबला.

“डॉक्टर, ते चुकून झालं,” नलू म्हणाली. “रोज गेटवर जमा करतो, त्या सवयीने दिले. जंजिरा आला तेव्हा आठवलं.”

मला तिला खाडीत ढकलावंसं वाटलं. बाळासाहेबांनी टेम्पोच्या ड्रायव्हरकडे पाहिलं. डॉक्टरांनी हातातला दोर एकदा आवळून धरला.

“माझा जन्म नारायण पेठेत गेला,” शेवटी ते म्हणाले. “न विचारता ‘चुकलं’ म्हणणारं माणूस मला तिथे भेटलं नाही. बोट खडकीलाच द्यावी लागेल.”

“मग लॉनचं काय?” बाळासाहेब म्हणाले. उत्तरही त्यांनी स्वतःच दिलं. “बैलगाडी ठिवतो. माझीच हाय घरची.”

नलू तोवर धक्क्याच्या पायऱ्यांवरचा ओला पट्टा बघत होती. “पाणी अजून चढतंय,” ती मला म्हणाली. “तेवढ्यात आत नेऊन नांगरू. रात्री इथे ठेवायला नको, आपटेल.” आम्ही बोटीत उतरलो. मी फळीवर बसले नाही, ती हातात लागणार होती.

“डॉक्टर, दोर सोडा,” नलू म्हणाली.

डॉक्टर दोर हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांना ऐकू आलं नाही असं नव्हतं. पाणी बोटीला आत ओढत होतं आणि दोर ताणला जात होता.

“डॉक्टर,” मी म्हणाले, “आधी परत म्हणायचं असतं.”

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यासाठी नारायण पेठेत निदान दोन पिढ्या काढाव्या लागतात. मग त्यांनी घसा साफ केला.

“दोर सोडतो,” ते म्हणाले.

खुंटावरचा वेढा निघाला. दोर पाण्यात पडला आणि मी तो आत ओढून घेतला. बोट धक्क्यापासून सुटून वर निघाली होती, तरी नलू वल्हं पाण्याला लावेना. ती मागे वळून थांबली होती. आमच्या सेक्शनमध्ये करणाऱ्याने सांगितल्याशिवाय काम पुरं झालं असं धरत नाहीत.

“सोडला,” धक्क्यावरून डॉक्टर म्हणाले.